सिमेंट घमेल्याने का मोजू नये? ‘बल्क डेन्सिटी’ म्हणजे नेमकं काय?

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर इथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तिथून निघणाऱ्या प्रत्येक बॅगेवर ५० किलो वजन छापलेलं असतं. घर बांधताना मात्र अनेकदा बॅग फोडून सिमेंट घमेल्याने मोजलं जातं. चूक होते ती इथेच.

बल्क डेन्सिटी म्हणजे काय?

गडचिरोलीच्या धान उत्पादकांना हे सहज कळेल. पायली भरून हलवली की धान खाली बसतं आणि वर आणखी मूठभर मावतं. पावडरचंही तसंच. कणांमधल्या हवेसकट पावडर जेवढी जागा व्यापते, त्या जागेच्या हिशेबाने काढलेली घनता म्हणजे बल्क डेन्सिटी.

सिमेंटच्या कणांची स्वतःची घनता घनमीटरला सुमारे ३१५० किलो असते. बांधकामाच्या हिशेबात सिमेंटची बल्क डेन्सिटी मात्र १४४० किलो धरतात, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा हवेची. यावरूनच ‘एक बॅग म्हणजे ३५ लिटर’ हे गणित आलं.

ती कशी मोजतात?

- रिकाम्या बादलीचं वजन करा. काठोकाठ पाणी भरून ती किती लिटरची आहे ते पाहा. मग बादली पूर्ण कोरडी करा.
- मास्क लावून सिमेंट अलगद ओता. बादली ठोकू किंवा हलवू नका.
- सरळ पट्टीने वरचा ढीग काठाला सपाट करा आणि वजन करा.
- सिमेंटच्या वजनाला लिटरने भागा.

समजा, १० लिटरच्या बादलीत १२ किलो सिमेंट मावलं, तर बल्क डेन्सिटी लिटरला १.२ किलो. तीच बादली आपटत राहिलात तर सिमेंट खाली बसेल आणि आकडा वाढेल.

स्लॅबवर काय परिणाम होतो?

मोकळ्या, १.२ किलोच्या सिमेंटने ३५ लिटरचं माप भरलं तर त्यात ४२ किलोच येतं. म्हणजे ८ किलो कमी. पाणी मात्र ५० किलोच्या हिशेबाने २५ लिटर पडलं, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५ वरून जवळपास ०.६ होतं आणि काँक्रीटची ताकद घटते.

म्हणूनच ‘आयएस ४५६ : २०००’ हे भारतीय मानक वजनाने मोजायला सांगतं. वजन करणं शक्य नसेल तरच आकारमानाने मोजण्याची मुभा आहे, तीही साहित्याची बल्क डेन्सिटी आधी अचूक काढली असेल तर.

मग काय करायचं?

प्रत्येक घाण्याला अख्खी बॅग वापरा. अर्धी लागणार असेल तर २५ किलो काट्यावर तोलून घ्या.