नव्या अंगणातले सहापायी आणि आठपायी

ऑक्टोबर सुरू झाला की न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियातल्या घरांत एक तपकिरी किडा शिरू लागतो. दीड सेंटिमीटर लांब, ढालीच्या आकाराचा, मिशांवर पांढरे पट्टे. खिडकीच्या जाळीवर, पडद्याच्या चुण्यांत, दिव्याच्या शेडमध्ये तो मुकाट बसून राहतो आणि मध्येच घुर्र आवाज करत खोलीभर उडतो. एडिसन किंवा प्रिन्स्टनच्या बाजूला नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात त्याने मोठी घबराट उडते. घरात ढेकूण झाले या समजुतीने गाद्या उलट्यापालट्या होतात, पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. किडा ढेकणाच्याच गणातला आहे हे खरं. पण तो रक्त पीत नाही, चावत नाही, गादीत अंडी घालत नाही. उन्हाळाभर झाडांचा आणि फळांचा रस शोषणाऱ्या या ‘स्टिंक बग’ला हिवाळा काढायला एक कोरडी फट हवी असते. रानात तो वठलेल्या झाडाच्या सालीखाली शिरतो. वस्तीत त्याला खिडकीची चौकट आणि पोटमाळा सापडतो.

त्याला चिरडू मात्र नये. चिरडला की घरभर जो उग्र दर्प सुटतो, तो ट्रान्स-२-डिसेनाल आणि ट्रान्स-२-ऑक्टेनाल या दोन अल्डिहाइडांचा. यातलं डिसेनाल ताज्या कोथिंबिरीच्या वासातही असतं, आणि तिथे ते महत्त्वाचं असतं. म्हणून हा वास पुष्कळांना कोथिंबिरीची आठवण करून देतो. आयुष्यभर जुड्या निवडलेल्या नाकाला तर तो पहिल्या क्षणी ओळखीचा वाटतो. एकाच रसायनाने एकीकडे आपली भूक चाळवावी आणि दुसरीकडे किडा खायला आलेल्या पक्ष्याची भूक घालवावी, यात मला निसर्गाच्या काटकसरीचं विलक्षण रूप दिसतं. उपाय साधा आहे: साबणाच्या पाण्याच्या डब्यात किडा ढकलावा आणि सप्टेंबरच्या आत खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात.

हा किडाही तिथे परकाच आहे. त्याचं मूळ चीन, जपान, कोरिया या भागातलं. मालाबरोबर तो अमेरिकेत पोहोचला आणि १९९८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउन शहरात त्याचे पहिले नमुने गोळा झाले. मायदेशी त्याच्या अंड्यांवर जगणारे शत्रू होते, अमेरिकेत ते नव्हते. त्यामुळे त्याची संख्या अफाट वाढली. २०१० मध्ये अटलांटिक किनाऱ्यालगतच्या राज्यांतल्या एकट्या सफरचंदाच्या पिकाचं ३ कोटी ७० लाख डॉलरचं नुकसान झालं. शास्त्रज्ञांनी मग त्याच्या मायदेशातून ‘सामुराई गांधीलमाशी’ आणली. तिळाहून लहान असलेली ही माशी या किड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि तिच्या अळ्या आतला जीव खाऊन टाकतात. तिला मोकळं सोडणं सुरक्षित आहे की नाही, हे बंदिस्त प्रयोगशाळेत तपासणं चालू असतानाच २०१४ मध्ये मेरीलँडमध्ये ती उघड्यावर सापडली. कुणी सोडली नव्हती, तीही आपल्या वाटेने आली होती.

त्याच २०१४ च्या सप्टेंबरमध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत आणखी एक पाहुणा आढळला: करड्या पंखांवर काळे ठिपके आणि आतून लालभडक रंग असलेला ‘लँटर्नफ्लाय’. हाही आशियातला. त्याचं आवडतं झाड ‘ट्री ऑफ हेवन’, म्हणजे आपल्याकडच्या महारुखाचा चुलतभाऊ. दोघांचीही प्रजाती आयलँथस. हे झाड फिलाडेल्फियात १७८४ मध्येच शोभेसाठी आणलं गेलं होतं. किड्याचं पानच जणू दोनशे तीस वर्षं आधी मांडून ठेवलेलं होतं. तो चावत नाही, पण द्राक्षवेली शोषून काढतो आणि त्याच्या चिकट विष्ठेवर काळी बुरशी धरते. तिथलं कृषी खातं लोकांना आवाहन करतं की दिसेल तिथे त्याला पायाखाली चिरडा. मुंग्यांनाही साखर घालणाऱ्या आजीला हे पचत नाही, आणि तिचा संकोच मला मनापासून समजतो. पण इथे खात्याचंच ऐकलं पाहिजे. चिखल वाळल्यासारखी दिसणारी त्याची अंडी गाडीच्या टपाला आणि अंगणातल्या दगडांना चिकटून पुढच्या जिल्ह्यात जातात.

आवाजाने धडकी भरवणारे सिकाडा मात्र अस्सल तिथले. सतरा वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पिऊन, माती साधारण १८ अंश सेल्सियस तापली की ते लाखोंनी वर येतात. २०२१ मध्ये प्रिन्स्टनने हा सोहळा पाहिला, पुढचा २०३८ मध्ये. लाल डोळे बघून मुलं घाबरतात, पण त्यांच्यापासून माणसाला काहीही अपाय नाही. ते पाहायला मिळाले तर भाग्य समजावं.

आपली भीती आपल्याच मुलखात घडलेली असते आणि तिथे ती बरोबर असते. कोकणात लाल विंचवाला घाबरणं शहाणपणाचंच होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून दाखवण्याआधी त्या दंशाने माणसं सर्रास दगावत. हीच भीती सामानाबरोबर परदेशी जाते आणि तिथे निरुपद्रवी किड्यांवर खर्ची पडते. ज्याला खरोखर घाबरायला हवं ते दिसतही नाही, म्हणून राहून जातं.

ते म्हणजे काळ्या पायांची गोचीड, तिथल्या भाषेत ‘डियर टिक’. हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला जीव. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावी आणि त्याच्या आसपास १९७५ च्या सुमाराला मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे या आईने हट्टाने नोंदी ठेवल्या, आरोग्य खात्याच्या मागे लागली, तेव्हा येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्री जिवाणू दिसले आणि १९८२ मध्ये ते जाहीर झालं. त्या जिवाणूला आज त्यांचंच नाव आहे. लाइम रोगासाठी अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

गोचिडीचं आयुष्य सुमारे दोन वर्षांचं आणि त्यात जेवणं फक्त तीन. पहिलं बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदरावर; जिवाणू तिला तिथूनच मिळतो. दुसऱ्या जेवणाच्या वेळी ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, आणि माणसाला धोका मुख्यतः या अवस्थेचा. ती उडत नाही, उड्या मारत नाही, झाडावरून पडत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट पाहते. त्या पायांवरच्या इंद्रियाला आपल्या श्वासातला कार्बन डायॉक्साइड कळतो. तिच्या लाळेत बधिर करणारे घटक असल्याने चावा जाणवत नाही, आणि काटेरी सोंडेमुळे ती दिवसचे दिवस चिकटून राहते. सुदैवाने जिवाणू तिच्या आतड्यातून लाळेत यायला वेळ लागतो. चोवीस तासांच्या आत ती काढली तर लाइमचा धोका फार कमी राहतो.

या लहानग्या गोचिडींचा हंगाम मे ते जुलै. नेमक्या याच दिवसांत इकडून आई-बाबा मुलांकडे सहा महिने राहायला जातात. सकाळी फेरफटका, घरामागच्या झाडीच्या कडेने फुलझाडांची निगा, नातवंडांबरोबर गवतात बसणं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. खरं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. झाडीच्या कडेला जाताना पायघोळ पँट आणि मोजे घालावेत. परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागचा भाग, कानामागे आणि केसांत नीट पाहावं. कपडे आधी कोरडेच ड्रायरमध्ये कडक गरम फिरवावेत. नुसत्या धुण्याने गोचीड मरतेच असं नाही. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. गुरांच्या गोचिडींना रॉकेल लावण्याची किंवा बोटांनी चिरडण्याची सवय इथे कामाची नाही.

गोचिडीचा रोग आपल्याला अगदीच नवा नाही. शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला माकडताप गोचिडीच पसरवतात. तो पुढे गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या बागेत जाणाऱ्या तिथल्या माणसाला अंग तपासण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. शहरात वाढलेल्यांना ते शिकावं लागतं.

एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यायला हवी. लाइमच्या बहुतेक रुग्णांच्या अंगावर हळूहळू पसरत जाणारा चट्टा उठतो. पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीवरची, लालबुंद वर्तुळांची. सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही. जांभळट किंवा मुका मार लागल्यासारखा दिसतो, आणि त्यामुळे निदान लांबतं. वेळेत कळलं तर डॉक्टरांनी दिलेल्या काही आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी रोग बहुतेकदा पूर्ण बरा होतो. रक्ततपासणी सुरुवातीच्या आठवड्यांत निगेटिव्ह येऊ शकते आणि गुडघ्याची सूज कित्येक महिन्यांनीही उमटू शकते. तेव्हा उन्हाळा अमेरिकेत काढून पुण्या-नाशिकला परतलेल्या माणसाला ताप आला किंवा एखादा सांधा सुजला, तर आपण कुठे राहून आलो, झाडीत किंवा गवतात वावरलो का, अंगावर चट्टा उठला होता का, हे त्याने डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना आधीच सांगावं.