आंबागड : एक दिवस, एक डोंगर आणि सांगणारा माणूस

भंडारा जिल्हा म्हटला की लोकांना धान आठवतं, तलाव आठवतात, पितळेची भांडी आठवतात. किल्ला आठवत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाचं सोडाच, साकोली-लाखांदूरकडच्या शाळकरी पोरांनाही आपल्या जिल्ह्यात डोंगरी किल्ला आहे म्हटलं तर नवल वाटतं. तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या मैदानाकडे आलेल्या एका डोंगरावर हा आंबागड उभा आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा, आटोपशीर, आणि सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल असा. माझं म्हणणं एवढंच की तो माहितगार माणसाशिवाय पाहू नये. नुसता चढून-उतरून आलेला माणूस दगड पाहून येतो. सोबत सांगणारा असेल तर तोच माणूस अर्धा जिल्हा समजून घेऊन येतो.

भंडाऱ्याहून निघालं की आधी मोहाडी लागते. इथे चौंडेश्वरीच्या देवळाशी गाडी थांबतेच, सहल कोणाचीही असो. पुढे तुमसर. हावडा-मुंबई लोहमार्गावरचं तुमसर रोड जंक्शन देव्हाडीला आहे आणि शहर तिथून थोडं आत. याच जंक्शनवरून तिरोडीकडे एक फाटा जातो, तो चिखला, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग अशी मँगनीजच्या खाणींची गावं जोडत जातो. तुमसर ही तांदळाची जुनी बाजारपेठ. हंगामात पोत्यांनी भरलेले ट्रक रस्त्याकडेला रांगेने उभे दिसतात. तर्री-पोहे खाऊन घ्यावेत ते इथेच, कारण पुढे पोटापाण्याची फारशी सोय नाही. तुमसर सुटलं की रस्ता डोंगराकडे वळतो, बांध्या मागे पडतात, साग आणि तेंदू दिसू लागतात. याच डोंगररांगेत गायमुखाचं महादेवस्थान आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, डोंगरापलीकडून आदिवासी भाविक पायी येतात. गाडी स्वतःची असेल तर गायमुख आणि आंबागड एकाच दिवसात होतात.

पायथ्याच्या गावात विचारलं की माहितगार भेटतो. त्याच्याकडे बिल्ला नसतो, ठरलेला दर नसतो. कधी गुराखी असतो, कधी निवृत्त मास्तर, कधी कॉलेजात शिकणारा पोरगा. आमच्याबरोबर आलेल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला तो इतिहासाचा नव्हता. "पाणी घेतलं का जी? वर प्यायचं पाणी नाही भेटत." हा प्रश्न या किल्ल्याच्या साऱ्या कहाणीला किती जवळचा आहे, ते वर गेल्यावर कळतं.

चढाईला बांधीव पायऱ्या आहेत. चढ खडा असला तरी अवघड नाही. पाचवी-सहावीची मुलं पळत जातात आणि मोठी माणसं झाडाला टेकत जातात. काका अधूनमधून मुद्दाम थांबवतात. एके ठिकाणी त्यांनी मागे वळून बघायला लावलं. खालची वाट जिथे जिथे उघडी पडते, तिथे वर तटाचा एखादा भाग बरोबर समोर येतो. येणारा माणूस वरून दिसावा, आणि त्याला मात्र दरवाजा शेवटपर्यंत नीट दिसू नये, अशी ती मांडणी. हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. त्या वळणावर उभं राहून कोणीतरी बोट दाखवावं लागतं.

किल्ला बांधला राजा खान पठाणाने, १७०० च्या सुमारास. हा छपारा-सिवनीकडचा सुभेदार, आणि त्याचा धनी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. बख्त बुलंद म्हणजे आपल्याला नागपूरमुळे माहीत असलेलं नाव. औरंगजेबाच्या दरबारात जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला, राज्य परत मिळवलं, आणि पुढे बादशाहीलाही डोईजड झाला. बारा छोट्या खेड्यांचं मिळून १७०२ च्या सुमारास त्याने नागपूर वसवलं असं मानतात. त्याने शेतकरी बोलावले, कारागीर बोलावले, व्यापारी आणले. रान तोडून जमीन लागवडीखाली आली की तिचा महसूल येतो, आणि महसूल यायचा तर वाटा आपल्या हातात लागतात. नागपूरचं सपाट मैदान आणि सिवनी-छपाऱ्याचा डोंगराळ मुलूख यांच्या सीमेवर आंबागड आहे, हे नकाशा उघडला की दिसतं. किल्ला इथेच का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे. खालच्या धानाच्या मुलखावर आणि वरच्या जंगलातल्या वाटांवर एकाच जागेवरून नजर ठेवता येते.

दरवाजातून आत गेल्यावर तटाच्या कडेकडेने फिरावं. हा बंदुकीच्या काळातला किल्ला आहे, आणि ते बुरुजात दिसतं. काकांनी एका पोराला जंगीजवळ उभं केलं आणि म्हणाले, "एक डोळा मीट आन् पाय." पोराने डोळा लावला. आतून रुंद आणि बाहेरच्या बाजूला अरुंद असलेली ती भिंतीतली फट. बाहेरून पाहिलं तर काळी रेघ, आतून पाहिलं तर उताराचा मोठा तुकडा डोळ्यात येतो. बंदूक डावी-उजवीकडे फिरवायला आत जागा, आणि बाहेरच्याला नेम धरायला जवळजवळ काहीच नाही. फट थोडी खाली कललेली असते, म्हणजे अगदी तटाच्या बुडाशी आलेला माणूसही माऱ्यात यावा. पोरगा बराच वेळ तिथून हलेना. मग त्याच्या मागे रांग लागली.

देवगडची सत्ता बख्त बुलंदच्या वारसांच्या भांडणात खिळखिळी झाली आणि नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी १७४३ मध्ये ती आपल्या हाती घेतली. याच जिल्ह्यातल्या सानगडीच्या किल्ल्याची त्या वेळची एक गोष्ट जुन्या गॅझेटियरात आहे. देवगडच्या चाकरीतल्या पठाण घराण्यातला मोहम्मद खान धन्याच्या नावाने तीन वर्षं सानगडी लढवत राहिला. शेवटी त्याच्या इमानावर खूश होऊन रघूजींनीच त्याला किल्ल्याच्या बदल्यात सिवनीचा मुलूख आणि दिवाण हा किताब दिला. शत्रूच्या निष्ठेचा असा मान ठेवल्याची उदाहरणं आपल्या इतिहासात थोडी आहेत. ती आपल्या पोरांना तोंडपाठ असायला हवीत.

आंबागडाच्या वाट्याला मात्र वेगळं आयुष्य आलं. भोसल्यांच्या काळात तो तुरुंग झाला. इथल्या कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचं विषारी पाणी प्यायला लावत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने करून ठेवली आहे. एवढीच, एका वाक्याची. विहिरीच्या काठावर उभं राहिलं की ते एक वाक्य पुरेसं होतं. डोंगरमाथ्यावर झऱ्याचं वाहतं पाणी नसेल तर पावसाचं पाणी साठवावं लागतं. ते उपसलं गेलं नाही की साचतं, पाला पडून सडतं, हिरवं पडतं. जागती शिबंदी असताना जे पाणी किल्ल्याला जिवंत ठेवतं, तेच वापर थांबल्यावर माणूस मारू शकतं. तलवार नको, फास नको, तहानलेल्या माणसापुढे एक लोटा ठेवला की झालं. ज्यांना इथे कोंडलं त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. काका इथे काही बोलले नाहीत. मुलांनीच विचारलं, "काका, ते काय करायचे मग?" तेव्हा म्हणाले, "प्यायचे, बापा. तहान लागली तं पितेच मानूस."

या जागी वाटाड्याची खरी परीक्षा असते. भुयाराची गोष्ट कुठल्या गडावर नसते? पुरलेल्या धनाची असते, शापाचीही असते. सांगू नयेत असं मी म्हणणार नाही, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या गोष्टी आहेत. पण हे लिहिलेलं आहे आणि हे ऐकीव आहे, एवढा भेद सांगणाऱ्याने ठेवला पाहिजे. आमच्या काकांना तो भेद उपजत होता. "असं म्हनतेत" आणि "असं हाय" ही दोन वाक्यं ते कधी एकमेकांत मिसळत नसत. गाईडच्या परीक्षेत मी याच एका गोष्टीला निम्मे गुण दिले असते.

किल्ल्याचा सगळ्यात मोलाचा भाग तटावरून दिसणारा मुलूख आहे, आणि दिवसाचा जास्तीत जास्त वेळ तिथे द्यावा. दक्षिणेला धानाच्या बांध्या पसरलेल्या असतात. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर सारा पट्टा पिवळा असतो. त्यात मधेमधे चमकतात ते तलाव. पूर्व विदर्भातले हे मालगुजारी तलाव, आताच्या सरकारी भाषेत माजी मालगुजारी आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने जिल्ह्याच्या दक्षिण भागात असे तलाव बांधण्यात मोठं नाव कमावलं. उताराचा अंदाज घ्यायचा, मातीची पाळ घालायची, पावसाळ्याचं पाणी अडवायचं आणि पाऊस दडी मारेल तेव्हा धानाला सोडायचं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि अनेक पाळींची, गाळाची काळजी घेणारं कोणी उरलं नाही. तटावर उभं राहून हे सांगितलं की मागच्या विहिरीचा आणि समोरच्या तलावांचा संबंध आपोआप जुळतो. पाणी वापरत राहावं लागतं, राखत राहावं लागतं.

उत्तरेला तोंड केलं की डोंगरामागे डोंगर. तिकडे बावनथडी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांनी मिळून धरण बांधलेली नदी. तिकडेच सिवनी जिल्हा, जिथे वैनगंगा उगम पावते, बालाघाटकडून मोठा वळसा घेते आणि मग आपल्याकडे येते. किल्ला बांधणारा सुभेदार ज्या मुलखाचा, त्याच मुलखातून आपली नदीही आलेली आहे. आणि याच टापूत जमिनीखाली मँगनीज आहे. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, चिखल्याची भूमिगत, दोन्ही मॉइल या खाण कंपनीच्या. पोलादाला बळकटी देणारं खनिज इथून जातं. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड तर साध्या बॅटरीच्या सेलमध्येही वापरतात. घरच्या टॉर्चमधल्या सेलचं या डोंगरांशी नातं असू शकतं, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. भूगोलाचा एवढा मोठा धडा कुठल्याही वर्गात एका जागी बसून शिकवता येत नाही.

सांगणाऱ्या माणसाचं मोल दूरच्या देशातही असंच दिसतं. जगातलं सगळ्यात नावाजलेलं डोंगरमाथ्यावरचं शहर म्हणजे पेरू देशातलं माचू पिचू, समुद्रसपाटीपासून २,४३० मीटर उंचीवर. ते हिराम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने २४ जुलै १९११ रोजी शोधलं असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने त्याला वाट दाखवली आणि वरच्या अवशेषांतून एका स्थानिक मुलाने फिरवलं. तिथे शेतकरी कुटुंबं राहतच होती, जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर पीक घेत होती. जगाला जे सापडलं ते गावाला आधीपासून ठाऊक होतं. पुढे पेरू सरकारने तिथे ठरलेल्या वाटा आखल्या, रोजच्या पाहुण्यांची संख्या बांधून दिली आणि सोबत गाईड घेण्याचा नियम केला. गर्दीपासून दगड वाचावेत हा हेतू होताच, पण आसपासच्या माणसांना त्यामुळे रोजगारही मिळाला.

आंबागडाला गर्दीची भीती नाही. त्याचं दुखणं विस्मरणाचं आहे. इथे नियम लादण्याची गरज नाही, माणूस उभा करण्याची आहे. रायगडावर, प्रतापगडावर वाटाड्या विचारला तर मिळतो, कारण तिथे जाणाऱ्याला तो हवा असतो. इथे जाणारा त्याला विचारतच नाही. दोन-तीन फोटो काढतो, तटावर नाव कोरतो, चिप्सची पाकिटं टाकतो आणि उतरतो. पायथ्याच्या गावातल्या आठ-दहा तरुणांना इतिहास, झाडं, पक्षी, खाणी आणि तलाव एवढं नीट शिकवलं, त्यांना ओळखपत्र दिलं, दर ठरवून दिला, तर हा किल्ला वर्षभरात बोलता होईल. खर्च म्हणाल तर एका सिमेंटच्या कमानीपेक्षा कमी. आणि शिकवायला बाहेरून कोणी आणण्याचीही गरज नाही. काकांसारख्या माणसांनाच त्यांच्यासमोर बसवा, त्यांच्या झाडीबोलीतच सांगू द्या. "असं म्हनतेत" आणि "असं हाय" यांतला फरक तेवढा त्यांच्याकडून आवर्जून शिकून घ्या.

जायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये विदर्भाच्या उन्हात हा दगड तापतो, तेव्हा मुलांना नेऊ नये. पावसाळ्यात डोंगर फार देखणा असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. सकाळी लवकर चढावं, उन्हं चढायच्या आत तटाची फेरी पूर्ण करावी, डबा सावलीत खावा. पाणी माणशी दोन लिटर घ्यावं आणि वरच्या विहिरीत किंवा टाक्यात काहीही टाकू नये.

मुख्याध्यापकांना आणि सहलीच्या शिक्षकांना एक विनंती. यंदाची एक तरी सहल वॉटर पार्कऐवजी आंबागडाला न्या. पायथ्याच्या गावात थांबा, सांगणारा माणूस शोधा, त्याला निम्मा दिवस द्या आणि त्याच्या कामाचे रोख पैसे द्या.