शाळेच्या अंगणातील झुडपे : लागवडीचा आणि छाटणीचा काळ

शाळेला रोप भेट देण्याची इच्छा माजी विद्यार्थी व पालक बहुधा १४ एप्रिलला व्यक्त करतात आणि रोप त्याच दिवशी लावलेही जाते. भावना मोलाची, वेळ मात्र रोपाच्या जिवावर उठणारी. पुढे सुटी लागून वसतिगृह रिकामे होते, पारा चाळिशी ओलांडतो आणि हिंगोली जिल्ह्यातील काळी जमीन भेगाळते. या भेगांत कोवळी पांढरी मुळे अक्षरशः तुटतात. म्हणून एप्रिलमध्ये संकल्प करावा, मे महिन्यात दीड फूट खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा आणि रोप आषाढात लावावे, असे आम्ही सुचवितो.

मृगाचा पहिला शिडकावा होताच घाई नको. जमीन खोलवर भिजून वापसा आला, म्हणजे माती हाताला न चिकटता मोकळी होऊ लागली, की कुजलेले शेणखत मिसळून लागवड करावी. काळ्या जमिनीत पाणी साचते. त्यामुळे रोपाचा बुंधा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावा.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे तृण आणि लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आल्यावर भगवान बुद्धांनी हा नियम घालून दिला, असे विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे. याच सुमारास लावलेल्या रोपाला उन्हाळ्यापूर्वी आठ-नऊ महिने मिळतात आणि तोवर पाणी घालणारे हातही शाळेत असतात.

छाटणीला असा एकच काळ नाही. झुडूप केव्हा फुलते, यावर तो ठरतो. गुलाब नव्या फुटीवर फुलतो. वर्षावास संपून पाऊस ओसरला की, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याची छाटणी करावी. त्यानंतर साधारण ४५ दिवसांनी फुले येतात, म्हणजे ६ डिसेंबरच्या अभिवादनाला ती हाताशी असतात. काप तिरपा, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर घ्यावा. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि तेथून वाळत जाते. जाड कापांवर बोर्डो मलम लावावे : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

मोगऱ्याची रीत निराळी. त्याचे पाणी थंडीच्या आरंभी तोडावे, डिसेंबरअखेर ते जानेवारीत छाटणी करून पाने काढावीत, मग खत व पाणी द्यावे. असा विसावा मिळालेला मोगरा वैशाख पौर्णिमेच्या वंदनेला भरभरून फुलतो. पारिजातकाला आषाढात कात्री लावली, तर वर्षाची फुले गेलीच. त्याची छाटणी बहर संपल्यावर, मार्गशीर्ष-पौषात करावी. बोगनवेल उन्हाळी बहर ओसरल्यावर छाटावी.

कण्हेर पाण्याचा ताण सोसते, म्हणून तिचा आग्रह होतो. तिचे पान, फूल, साल, चीक सारेच विषारी आहे. लहान मुले राहतात तेथे ती नकोच. आधीपासून असेल, तर छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, धूरही बाधतो. कुंपणाला मेंदी पुरेशी आहे. ती पावसाळ्यात दोन-तीनदा कातरली की बुंध्यापासून दाट होते.

जास्वंद व तगर यांच्या पावसाळ्यात निघालेल्या फांद्या टाकून देऊ नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर कांड्या पिशव्यांत लावून सावलीत ठेवाव्यात; पुढच्या आषाढात ती रोपे माजी विद्यार्थ्यांना आपल्या दारी नेता येतील.