ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते का?

परीक्षा आली की मुलांसाठी ब्राह्मी आठवते. तिची कसोटी काय सांगते तेही बघा. ऑस्ट्रेलियात 40 ते 65 वयाच्या 76 जणांवर तीन महिने झालेल्या चाचणीचा निकाल 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ब्राह्मी दिली, काहींना औषध नसलेली तशीच गोळी. शिकण्याचा वेग वाढला नाही, पण नवं शिकलेलं विसरणं कमी झालं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव पुरेसा नाही का, असं कुणी म्हणेल. पण सरावानेही गुण वाढतात. तुलनेचा गट नसेल तर श्रेय कुणाचं, हे कळणार कसं? शिवाय आपल्याकडे गोल पानांची मंडूकपर्णीही ब्राह्मी म्हणून विकतात. चाचणी झाली ती बारीक, जाडसर पानांच्या बाकोपा या ब्राह्मीची. माझ्या मते वनस्पती गुणाची आहे, पेपरच्या आदल्या रात्रीचा उपाय मात्र नव्हे. मुलांना देण्याआधी वैद्यांना जरूर विचारा.