सिझर इथे का होत नाही?

ग्रामीण रुग्णालयातली एखादी सेवा नेमकी कोणत्या तारखेला बंद पडली, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. तसा आदेश निघत नाही, दाराला कुलूपही लागत नाही. भूलतज्ज्ञांची बदली होते आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम काही महिने एकट्याच तग धरतात, मग दीर्घ रजेवर जातात. रक्त साठवायचा फ्रीज बिघडतो आणि दुरुस्तीचं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. एवढं झालं की तालुक्यात सिझर होणं थांबलेलं असतं. कागदोपत्री ऑपरेशन थिएटर मात्र चालूच असतं.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या ज्या तालुक्यात मी सिझर पुन्हा सुरू व्हावं यासाठीची मोहीम जवळून पाहिली, तिथे असंच झालं होतं. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. रुग्णालयातले बरेच जण अजून तिथेच नोकरीला आहेत, त्यांतल्या काहींनी आम्हाला मदत केली, ती त्यांच्या अंगाशी यायला नको. रुग्णालय 30 खाटांचं. जिल्हा रुग्णालय घाट उतरून पलीकडे. थिएटरच्या नोंदी मागवल्या तेव्हा पानं चांगली भरलेली निघाली. बारकाईनं वाचल्यावर लक्षात आलं, की बहुतेक सगळ्या शस्त्रक्रिया कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतल्या आहेत. शिबिराच्या दिवशी बाहेरून पथक यायचं, ओळीनं ऑपरेशनं व्हायची, संध्याकाळी पथक परत. “मूल होऊ नये याची सोय हाय आपल्याकडं, होताना अडलं तर न्हाई,” असं एक आशाताई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

पहिला मोर्चा तहसील कचेरीवर गेला. मागणी एका ओळीची होती: तज्ज्ञ डॉक्टर मिळालेच पाहिजेत. मोर्चा मोठा होता, निवडणूकही जवळ आलेली होती, त्यामुळे मागणी लवकर मान्य झाली. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रतिनियुक्तीचा आदेश आला, आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. चौकात फटाके वाजले, फलक लागले. डॉक्टर आले, ओपीडी करू लागले, सोनोग्राफीच्या चिठ्ठ्या देऊ लागले. सिझर एकही झालं नाही, कारण भूल द्यायला कोणी नव्हतं. त्याच आशाताई पुढच्या बैठकीत म्हणाल्या, “मंगळवार-शुक्कर बघून कळा द्यायच्या का आता?”

मोहिमेचं खरं काम तिथून सुरू झालं, असं मला वाटतं. काय मागायचं हेच आधी शिकावं लागलं. अडलेल्या बाईची सुटका करायची तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळाकडे बघणारं कोणीतरी, रक्त आणि निर्जंतुक केलेली हत्यारं हे सगळं एकाच वेळी, एकाच छपराखाली लागतं. सरकारी भाषेत अशा रुग्णालयाला प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात, आणि त्याच्या अटी लेखी आहेत: सिझरसह तातडीची प्रसूतिसेवा चोवीस तास, नवजात बाळाची काळजी आणि रक्ताचा साठा. यातलं एक नसलं की बाकीच्यांचा पगार चालू राहतो, सेवा राहत नाही. नुसता डॉक्टर मागितला की नुसता डॉक्टर मिळतो.

वेळेचं गणितही मांडावं लागलं. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही, तर बाई सरासरी दोन तासांत दगावू शकते, असं प्रसूतिशास्त्रातलं जुनं अनुमान आहे. अडलेल्या बाळंतपणात त्या मानानं वेळ मिळतो. पण घाटातला रस्ता, पावसाळ्यातली दरड आणि गाडी मिळेपर्यंतचा वेळ धरला की दोन तासांची बेरीज कुठल्याच वाटेनं जमत नव्हती. तालुक्यात दर 100 बाळंतपणांमागे किमान 5 सिझर तरी अपेक्षित असावीत, अशी खालची मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 1997 मध्ये सुचवली होती. सिझर वारेमाप होतात अशी ओरड शहरांत ऐकू येते, ती खरीही आहे. इथे प्रश्न उलटा होता: सरकारी दवाखान्यातला आकडा किमानाच्याही खाली होता. तो किती खाली, हे दाखवणारा कागद हवा होता.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्या मसुद्यात रुग्णालयाचा सगळा इतिहास आणि भ्रष्टाचाराचे आरोप होते. मोहिमेतल्या निवृत्त मास्तरांनी तो लाल पेनानं कापून काढला. शेवटी उरलं ते एवढंच: गेल्या तीन वर्षांत महिनावार किती बाळंतपणं झाली, किती सिझर झाली, किती स्त्रियांना वरच्या रुग्णालयात पाठवलं, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. रुग्णांची नावं मागितली नाहीत, मागायचीही नसतात. 30 दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. सिझरच्या रकान्यात महिन्यामागून महिना एकच शब्द होता: निरंक. संदर्भित रुग्णांचा रकाना मात्र दर महिन्याला भरलेला. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून आम्ही तो तक्ता मोठा करून छापला. मोर्च्यातल्या कुठल्याही घोषणेपेक्षा पुढे तोच जास्त चालला.

कागद मिळाला तरी तो बोलत नाही. बायकांशी बोलावं लागलं. एका पानाचा फॉर्म होता. कळा कधी सुरू झाल्या, पहिल्यांदा कुठे गेलात, तिथून कोणी आणि किती वाजता पुढे पाठवलं, गाडी कोणाची, खर्च किती, पैसे कुठून आणले. वाचायला सोपा वाटतो, भरायला नाही. ओसरीवर बसलं की उत्तरं सासू देते, सून मान डोलावते. “जरा पाणी देता का आत?” असं म्हणून एखादी कार्यकर्ती स्वयंपाकघरात शिरायची आणि खरं बोलणं चुलीपाशी व्हायचं. घड्याळाची वेळ कोणालाच आठवत नसे, आणि का आठवावी? पण मुक्कामाची एसटी येऊन गेली होती, डेअरीला दूध घालून आले तेव्हा पाणी गेलं, पिठाची गिरणी बंद झाली होती, हे पक्कं आठवायचं. गावातल्या एका पोरानं डेपोतून एसटीचं वेळापत्रक आणलं, गिरणीवाल्याला आणि डेअरीच्या सचिवाला विचारून घेतलं आणि या खुणांचे तास-मिनिटं केली. घरात संदर्भ चिठ्ठी किंवा खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सापडलं, तर त्यावरच्या वेळेशी पडताळून पाहिलं. बायकांनी सांगितलेल्या वेळा बहुतेक बरोबर निघाल्या.

इथे एक गोष्ट नोंदवते, मोहिमेत तिच्यावर बरीच वादावादी झाली. अशा कामात सगळ्यांना मृत्यूची केस हवी असते. पत्रकार तीच मागतात, पुढारीही. आमच्या तालुक्यातही दुर्दैवानं ती होती. पण मृत्यू पुढे केला की चर्चा त्या रात्री ड्यूटीवर कोणती सिस्टर होती यावर येते, तिची चौकशी लागते, सगळे कर्मचारी तोंड मिटून घेतात आणि भूलतज्ज्ञांचं पद रिकामं ते रिकामंच राहतं. म्हणून मोहिमेतल्या बायकांनी ठरवलं, पुढे ठेवायच्या त्या साध्या हकिगती: बाई वाचली, बाळ वाचलं, फक्त घाट उतरून खासगी दवाखान्यात सिझर झालं आणि त्यासाठी शेळ्या विकल्या, सोसायटीचं कर्ज काढलं, नाहीतर मंगळसूत्र गहाण पडलं. अशा घरातून तक्रार कधीच येत नाही. सगळं नीट झालं, देवाची कृपा, असंच ते म्हणतात. 1 जून 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसकट बाळंतपण, औषधं, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं सरकारी रुग्णालयात मोफत आहे, हे त्यांतल्या अनेकांना फॉर्म भरतानाच कळलं.

मग जनसुनवाई. ही पद्धत महाराष्ट्रात नवी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था तिच्या समन्वयाचं काम पाहत होती. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि मग सगळ्यांसमोर, अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत ते मांडायचं, असा तो क्रम. आमच्या तालुक्यानं त्याचीच नक्कल केली. मंगल कार्यालय मिळालं, लग्नाची तिथी नव्हती म्हणून स्वस्तात. परीक्षक मंडळात बाहेरगावचे एक डॉक्टर, एक वकील, एक प्राध्यापिका. नियम दोनच सांगितले: कर्मचाऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि जिच्यावर गुदरलं तिनंच बोलायचं.

पहिला तासभर जे व्हायचं तेच झालं. वैद्यकीय अधीक्षक म्हणाले, पदं भरणं माझ्या हातात नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, आम्ही मागणी वर पाठवली आहे. तालुका आरोग्य अधिकारी म्हणाले, प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, ग्रामीण रुग्णालय आमच्याकडे येतच नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं. बाहेरच्या माणसाला कळत नाही, पण बाईला पाठवणारं केंद्र एका खात्याच्या हाताखाली असतं आणि तिला घेणारं रुग्णालय दुसऱ्या. मधल्या रस्त्याचा धनी कोणीच नसतो. वकिलांनी 1996 च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्याची आठवण दिली. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कलकत्त्यातल्या एकामागून एका सरकारी रुग्णालयानं जागा नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि पैशाची अडचण ही सबब मान्य केली नाही. सभागृह गंभीर झालं; साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. पुढे काहीच हललं नाही.

हललं ते प्राध्यापिकाबाईंच्या प्रश्नानं. त्यांनी प्रत्येकाला एकेक करून विचारलं, “तुमच्या हातात काय नाही ते कळलं. तुमच्या स्वतःच्या सहीनं या महिन्यात काय होऊ शकतं, तेवढंच सांगा.”

अधीक्षक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, फ्रीजची दुरुस्ती रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून करता येईल. रक्त 2 ते 6 अंश तापमानातच टिकतं, त्यामुळे वीज गेल्यावर काय, हा प्रश्न त्यालाच जोडून आला. आणि साठवण केंद्राला अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागते, तिचा प्रस्तावही तेच पाठवणार होते. मग त्यांनी, कोणी न विचारता, आणखी एक गोष्ट सांगितली. एमबीबीएस डॉक्टरांना बाळंतपणातल्या तातडीपुरती भूल द्यायला शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, सुरुवातीला तो 18 आठवड्यांचा होता. हे प्रशिक्षण घेतलेले एक डॉक्टर याच जिल्ह्यात होते आणि जिथे आधीच भूलतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात त्यांची नेमणूक होती. साहेबांनी अधीक्षकांकडे असं पाहिलं, की पुढच्या चार दिवसांत त्यांना किती फोन गेले असतील याची कल्पना आली. पण भरसभेत निघालेला मुद्दा मागे घेता आला नाही. त्या डॉक्टरांची प्रतिनियुक्ती जिल्हा पातळीवर होऊ शकते, हे साहेबांनाच कबूल करावं लागलं. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे दिवस बदलून दोघं एकाच दिवशी एकाच जागी येतील, हेही. बाकी दिवशी खासगी भूलतज्ज्ञाला बोलावून अभियानाच्या निधीतून केसमागे मानधन देता येतं, ही तरतूदही त्यांनीच वाचून दाखवली. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी मान्य केलं, की केंद्रातून बाई निघण्याआधी रुग्णालयाला फोन जाईल. कायमची पदं भरणं कोणाच्याच सहीत नव्हतं; ते मंत्रालयाचं काम, त्यासाठी निवेदन आमदारांकडे गेलं आणि अजून तिथेच आहे.

पहिलं सिझर झालं तेव्हा मोहिमेतल्या पोरांना फोटो हवा होता. सिस्टरांनी हाकलून दिलं, बरं केलं. त्यानंतर महिन्याला सिझर होऊ लागली, दिवसा. रात्रीचं अजून जमलेलं नाही; रात्री अडलेली बाई 108 मध्ये बसून घाटच उतरते. फ्रीज सुरू आहे, मान्यतेचा कागद यायला वेळ लागला. एका उन्हाळ्यात रक्त संपलं तेव्हा मूळ रक्तपेढीतून नवा साठा येईपर्यंत पुन्हा सगळं थांबलं होतं.

आता मोर्चे निघत नाहीत. मोहीम म्हणजे उरलंय ते कारकुनी काम: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी रुग्णालयात जाऊन ड्यूटीच्या फळ्यावर कोणाची नावं आहेत ते पाहतं, महिन्याचा अहवाल मागतं, सिझरच्या रकान्यातला आकडा वहीत उतरवतं. दोनदा तो शून्यावर आला. दोन्ही वेळा त्याच आठवड्यात पत्र गेलं. सध्या भूल देणारे डॉक्टर कंत्राटी आहेत, करार 11 महिन्यांचा. मुदत संपल्यावर पत्रव्यवहार सुरू केला तर मध्ये दोन-तीन महिने कोणीच नसतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मुदतवाढीचं पत्र नवव्या महिन्यात द्यायचं ठरलंय. मसुदा मास्तरांकडे आहे, सह्या आशाताई गोळा करताहेत.