गिअरचा खटका जड झाला? आधी वायर पाहा, हब नंतर



गेल्या पावसाळ्यात एका वाडीवर सोयाबीनची पाहणी करून निघालो, तर पडवीत एक जुनी विलायती सायकल उभी दिसली. घरची मुलगी नववीत. याच सायकलवर ती शाळेला जाते. "काका, गिअरचा खटका हलतच नाही. दोन्ही हातांनी ओढावा लागतो," ती म्हणाली. तिच्या वडिलांना एका दुकानात सांगितले होते की हब आतून गेला, आता साधे चाक घाला. साधे चाक म्हणजे वाटेतल्या चढावर पोरीने रोज उतरून सायकल ढकलायची. मी काही मेकॅनिक नव्हे. पण कॉलेजात असताना वडिलांची अशीच सायकल मी वापरली आहे. अर्ध्या तासात दोष सापडला. हबला काहीही झाले नव्हते. वायर गंजली होती.

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची तीन गिअरची सायकल आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मागच्या चाकाचा हब नीट पुसून पाहा. त्यावर बहुधा 'स्टर्मी-आर्चर' हे नाव दिसेल. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची ही कंपनी १९०२ साली निघाली आणि २००० साली तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली. तिचा 'एडब्ल्यू' हा हब १९३६ पासूनचा. जुन्या हबवर सालही ठोकलेले असते. '५२' असे आकडे दिसले तर हब १९५२ चा समजा.

या हबच्या पोटात मधोमध २० दात्यांचे एक चक्र आहे, त्याभोवती फिरणारी २० दात्यांची चार छोटी चक्रे, आणि बाहेरून ६० दात्यांचे कडे. मधल्या गिअरमध्ये चाक जेवढे फिरते, त्याच्या पाऊणपट पहिल्यात फिरते. तिसऱ्यात ते एक तृतीयांशाने जास्त फिरते. चढाला पहिला, सपाटीला दुसरा, वारा पाठीशी असला की तिसरा. गिअर बदलण्याचे काम उजव्या बाजूने आसात शिरणारी एक बारीक साखळी करते. वायर पूर्ण ओढली की पहिला गिअर, सैल सोडली की तिसरा. म्हणून वायर तुटली तर सायकल तिसऱ्या गिअरवरच अडकते. तेव्हाही हब गेला असे समजू नका.

आता दोष कोठे आहे ते कसे ओळखायचे? अगदी सोपे आहे. वायर आणि साखळी जिथे जोडलेली आहेत तो जोड सोडा. साखळी बोटांनी सरळ ओढा, आणि ओढताना पायडल हळू मागे-पुढे हलवा. आतल्या स्प्रिंगचा ताण लागेल, पण साखळी अडखळता कामा नये, आणि सोडली की सटकन आत गेली पाहिजे. तसे झाले तर हब निर्दोष आहे. मग खटका आणि वायर बघा. माझा अनुभव असा, की दहात आठ वेळा घोटाळा इथेच असतो.

वायर बाहेरच्या नळीत जाते, तिथे पावसाचे पाणी शिरते. वायरीचा एखादा पदर तुटून वर आला असेल किंवा नळी कुठे चेपली, मुडपली असेल, तर तेल घालत बसू नका. वायर आणि नळी दोन्ही बदला. नुसती कोरडी असेल तर सायकल आडवी करून नळीच्या वरच्या तोंडातून मशीनचे तेल थेंब-थेंब सोडा आणि वायर मागे-पुढे ओढा. काही सायकलींना सीटखालच्या नळीवर वायरीसाठी एक छोटी कप्पी असते. ती फिरते का ते बघा. ही कप्पी जाम झालेली फार वेळा आढळते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. खटक्यालाही दोन थेंब तेल द्या.

साखळीच अडखळत असेल तर पंक्चर काढताना ती चुकीची बसली का ते पाहा. ती बोटांनी पूर्ण आत फिरवावी, मग वायरीच्या रेषेत येण्यापुरती उलट फिरवावी, अर्ध्या फेऱ्याहून जास्त नाही. पक्कड लावू नका. सायकल पडून साखळीची कडी वाकली असेल तर साखळी नवी घाला.

साखळी सरळ असूनही जड जात असेल तर हबच्या आतले तेल घट्ट झालेले असते. याचे कारण बहुधा आपल्याच स्वयंपाकघरात असते. खोबरेल किंवा करडईचे तेल घातले की ते आत चिकट होऊन बसते. बायकांना दोष देऊ नका, बाटली आणून ओतणारे आपणच. हबवर तेलाचे झाकण असेल तर त्यातून थोडे रॉकेल, ते न मिळाल्यास डिझेल घाला. चाक फिरवा आणि सायकल रात्रभर आडवी ठेवून घाण गळू द्या. रिमवर काही सांडले तर पुसून घ्या, नाहीतर ब्रेक लागणार नाही. मग पातळ मशीनचे तेल घाला, आणि पुढे महिन्यातून चार-सहा थेंब. नव्या हबला असे झाकण नसते, आत ग्रीस असते. तिथे काही ओतू नका.

जोड पुन्हा बसवल्यावर एक काम विसरू नका, कारण त्यात पोरांच्या हाडांचा प्रश्न आहे. खटका मधल्या गिअरवर ठेवा आणि उजव्या नटाच्या छिद्रातून आत पाहा. साखळीच्या सळईचे टोक आणि आसाचे टोक एका पातळीत हवे. नसेल तर जोडावरची चकती फिरवून तसे करा आणि चेकनट आवळा. या जुन्या हबात दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. वायर सैल राहिली तर उभे राहून जोर देताना पायडल एकदम रिकामे फिरते आणि स्वार दांडीवर आपटतो. त्या मुलीच्या गुडघ्यावर व्रण होता. तो कशाचा, हे मला तेव्हा कळले.

आणि गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायला मुलांना शिकवा. जोर चालू असताना आतले दाते एकमेकांत रुतलेले असतात. मग चांगला खटकाही जड लागतो. चढ लागण्याआधीच गिअर बदलावा. थांबलेल्या सायकलवरही तो बदलता येतो.

वायर आणायला जाताना जुनी वायर सोबत न्या. टोकाची घुंडी खटक्यात नेमकी बसली पाहिजे, आणि ब्रेकच्या वायरीची घुंडी निराळी असते. ब्रेकची वायर 'चालते' म्हणून कोणी देऊ लागला, तर दुसऱ्या दुकानात जा.