सतरा ग्रॅम कोळसा

यवतमाळ जिल्ह्यात वणीला कोळसा निघतो तो टनांनी, डंपरच्या डंपर भरून. आपण मात्र हिशेब मांडू फक्त ग्रॅमचा. तरीही डोळे पांढरे होतील!

पौषातली रात्र. बाळंतिणीची खोली, दहा बाय बारा, उंची दहा फूट. वारा लागू नये म्हणून दार-खिडकी घट्ट बंद, फटीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबलेली. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. धुरीचा वास घरभर पसरलाय. पण त्याच निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

हा वायू मोजतात दहा लाखांत किती भाग, असा. मुंबई-पुणे अंतर धरा 150 किलोमीटर. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे 15 सेंटीमीटर, वीतभरही नाही! हवेत असे 400 भाग झाले, म्हणजे 60 मीटर, की तास-दोन तासांत डोकं ठणकू लागतं. हजार भाग म्हणजे 150 मीटर. लोकलचा प्लॅटफॉर्म याहून लांब असतो! आणि एवढ्यावर निम्मं रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबू शकतं.

कसं? एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू, प्रत्येकात ऑक्सिजनसाठी चार जागा. एका पेशीत 108 कोटी आसनं! भारतीय रेल्वे रोज साधारण दोन कोटी प्रवासी नेते. म्हणजे देशभरच्या सगळ्या गाड्यांचे पन्नास दिवसांचे प्रवासी एका पेशीत मावले. आणि अशा पेशी अंगात किती? पंचवीस लाख कोटी! या अफाट गाडीत कार्बन मोनॉक्साइड शिरला की उठायचं नाव घेत नाही. त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट.

आता खोली मोजू. 1,200 घनफूट, म्हणजे 34 हजार लिटर हवा. तिच्यात हजार भाग व्हायला वायू लागतो 34 लिटर. त्यात कार्बन किती? जेमतेम 17 ग्रॅम! शेगडीत कोळसा किलोभर. त्याचा साठावा हिस्सा अर्धवट जळला तरी पुरे. आणि हीच हवा आई मिनिटाला पंधरा-सोळा श्वासांनी आत घेते, तान्हं बाळ चाळीसेक श्वासांनी.

डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात. घरातल्या दोघातिघांना एकदमच असं झालं आणि अंगणात आल्यावर बरं वाटलं, तर संशय शेगडीवर घ्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर खुशाल 98 दाखवेल. आसन भरलंय एवढंच त्याला कळतं, बसलंय कोण ते नाही.

दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, 108 ला फोन करा. खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना सांगा. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू उतरायला चार ते सहा तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन मिळाला की साधारण ऐंशी मिनिटं, पुणे-लोणावळा लोकलच्या एका फेरीएवढी. दाबाच्या चेंबरमध्ये तर अवघी वीस-पंचवीस! पण चेंबर मोठ्या शहरात, सिलिंडर तालुक्यालाही. तेव्हा आधी सिलिंडर गाठा. आणि शेक झाला की शेगडी खोलीबाहेर, निखारे लाल असतानाच.